पहिल्या व्हायोलिनचा संयम

पत्र येऊन चार दिवस झाले होते, आणि तेवढ्या वेळात दादांनी ते अकरा जणांना वाचून दाखवलं होतं. त्यातले दोघे पोस्टमन होते. एक पत्र घेऊन आलेला, आणि दुसरा, पहिला रजेवर गेला म्हणून बदलीवर आलेला. दातांच्या डॉक्टरांना ऐकवलं तेव्हा तोंडात कापसाचे बोळे होते. बोळे अर्थात दादांच्या तोंडात. तरीही ‘संयम’ हा शब्द अगदी स्पष्ट आला, असं डॉक्टर म्हणाले म्हणे.

शनिवारी दुपारी तीन वाजता, आईच्या घरातल्या बाहेरच्या खोलीत, दादा उभं राहून बाराव्यांदा वाचत होते.

“‘पहिल्या व्हायोलिनचा संयम हा या ध्वनिमुद्रणाचा प्राण आहे. संथ भागात हे व्हायोलिन स्वतःकडे लक्ष वेधून घेण्याची एकही संधी साधत नाही.’ एकही!”

“बस ना रे खाली,” आई म्हणाली. “संयमाने बस.”

वहिनींनी चेलोची पेटी भिंतीला टेकवून ठेवली आणि नवऱ्याकडे पाहिलं नाही. चौतीस वर्षांच्या संसारात न पाहण्याचे किती प्रकार असतात ते त्यांना ठाऊक होतं. हा त्यातला मायेचा प्रकार होता. माणूस एकसष्ट वर्षांचा झाला आणि त्याच्याबाबत ‘संयम’ हा शब्द आयुष्यात पहिल्यांदा लिहिला गेला, तर त्याला चार दिवस द्यायला हवेत. शाळेच्या प्रगतिपुस्तकातसुद्धा कुणी लिहिला नव्हता.

एक मात्र खरं. या घरातली चौकडी दादांमुळे टिकली होती. वडील गेल्यावर पहिल्या व्हायोलिनच्या खुर्चीत ते बसले. धाकट्या भावाला व्हिओला सोडून विमा विकायचा होता, त्याला त्यांनी सहा महिने रोज सकाळी फोन करून परत आणलं. आईची बोटं आखडल्यावर तिच्या जागी, दुसऱ्या व्हायोलिनवर, धाकट्या बहिणीला बसवलं, तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती आणि रडत होती. चेलोवालीशी तर त्यांनी लग्नच केलं. तिसऱ्या मजल्यावरच्या या खोलीत दर शनिवारी बिनहातांच्या चार खुर्च्या मांडल्या जातात आणि खालच्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानातून सरसाचा वास वर येतो, याला आता तीस वर्षं होत आली होती. एवढ्या काळात सरकारं किती बदलली ते मोजायला नको. खुर्च्या त्याच होत्या.

आता, ज्या पुरस्काराचं ते पत्र होतं त्याबद्दल. मोठ्या वाद्यवृंदांना बक्षिसं देणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत. नव्वद माणसं एकदम वाजवायला लागली की काहीतरी द्यावंच लागतं. एकट्याने वाजवणाऱ्यांनाही बक्षिसं आहेत, कारण त्यांना न दिल्यास ते रुसतात. पण तीन ते नऊ माणसांनी एका खोलीत बसून, समोर काठी हलवणारा कुणी न ठेवता, एकमेकांच्या भुवया पाहत वाजवलेल्या संगीताच्या ध्वनिमुद्रणाला बक्षीस देणारी संस्था एकच. समारंभ वाचनालयाच्या सभागृहात. खुर्च्या ऐंशी. जिंकलेले, हरलेले आणि त्यांना घरी घेऊन जायला आलेले एवढ्यांत त्या भरतात. यात थट्टा करण्यासारखं पुष्कळ आहे. अडचण एकच आहे की ते लोक खरोखर ऐकतात. पाच परीक्षक आठवडाभर एका खोलीत बसतात. यंदा ध्वनिमुद्रणं बेचाळीस आली होती. प्रत्येक तीनदा लावलं, नावं झाकून. हे कळल्यावर चेष्टा जिभेवरून परत फिरते.

“वाचून झालं असेल तर फॉर्म भरूया,” भाऊ म्हणाले. भाऊ म्हणजे मधले, व्हिओला वाजवतात. “सोमवारी पोचला पाहिजे. चौघांच्या सह्या आणि दोन मिनिटांचा तुकडा. समारंभात ऐकवायला.”

“संथ भागच द्यायचा,” दादा म्हणाले. “संयम तिथेच आहे.”

“सही करण्यापूर्वी चौघांनी तो ऐकायला हवा,” कोपऱ्यातून जावई म्हणाले. “फॉर्ममध्ये तसं लिहिलंय. ‘तुकडा आम्ही ऐकला असून…’ वगैरे.”

सगळे त्यांच्याकडे वळले. जावई या घरात चोवीस वर्षांत स्वतःहून फार कमी वेळा बोलले होते. धाकटीचा नवरा, ध्वनिमुद्रक. चौकडीची सगळी ध्वनिमुद्रणं त्यांचीच. आज त्यांनी येताना यंत्र आणि दोन स्पीकर आणले होते, आणि ते आल्यापासून एक वायर गुंडाळत होते आणि सोडत होते.

“पण आपण ऐकत नाही,” धाकटी म्हणाली.

हेही खरं होतं. आपण वाजवलेलं आपण ऐकायचं नाही, हा या घरचा नियम. तो आईने केला होता. तिच्या नवऱ्याने तरुणपणी स्वतःचं एक ध्वनिमुद्रण इतकं ऐकलं, इतकं ऐकलं, की पुढची दहा वर्षं तो त्याचीच नक्कल करत राहिला. तेव्हापासून घरात ध्वनिमुद्रणं यायची, फडताळात जायची, आणि त्यांवरचा कागद तसाच राहायचा. बाहेरची माणसं म्हणायची, छान झालंय. घरची म्हणायची, असेल.

“नियम माझा आहे,” आई म्हणाली, आणि दोन्ही कानांतली यंत्रं बोटाने वर चढवली. “मोडायचा तर मीच मोडते. लावा हो जावई.”

जावयांचा हात बटणावर गेला आणि थांबला. गुरुवारी दुपारी, तुकडा काढायला म्हणून ते मूळ ध्वनिमुद्रण उघडून बसले, तेव्हा त्यांना जे कळलं होतं ते त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ती काय म्हणाली असती ते त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी फॉर्ममधला तो बारीक टाइप शोधून काढला होता. भित्र्या माणसाला धैर्य करायचं असलं की तो नियमावली वाचतो.

“शेवटपर्यंत ऐका,” ते म्हणाले आणि बटण दाबलं.

दादांनी डोळे मिटले, हात छातीवर ठेवला आणि मान किंचित खाली घातली. सत्कार स्वीकारताना ते असेच उभे राहत.

पहिलं व्हायोलिन एकटंच आलं. चार स्वर, वरून खाली, जिना उतरताना कठड्याला हात लावून उतरावं तसे. तिसऱ्या स्वराला दादांनी एक डोळा उघडला.

भाऊंना त्याच्याही आधी कळलं होतं. दादा सुरू करण्यापूर्वी नाकाने जो श्वास घेतात तो सायकलच्या पंपासारखा असतो. भाऊ तीस वर्षं त्या पंपावर निघत आले होते. इथे पंप नव्हता. ते खुर्चीत जरा पुढे सरकले आणि मग, काही न कळल्यासारखा चेहरा करून, पुन्हा मागे.

वहिनी ऐकत होत्या ते दुसरं व्हायोलिन. खालून एकच स्वर पुन्हा पुन्हा येत होता, न चढता, न घाई करता, आणि प्रत्येक वेळी चेलोच्या स्वरावर नेमका, बशीवर कप ठेवावा तसा. आणि त्यांना ध्वनिमुद्रणाची ती संध्याकाळ आठवली. गोदामावरचं ते उंच छताचं सभागृह, दुसरा दिवस, काम संपलेलं. त्या संध्याकाळी वाजवताना त्यांना वाटलं होतं, आज कुणीतरी माझं ऐकतंय. घरी परतताना त्यांनी नवऱ्याचा हात हातात घेतला होता. त्याने विचारलं, “पाय दुखतोय का?” त्या हो म्हणाल्या होत्या.

धाकटी गुडघ्यांकडे पाहत बसली होती. पहिले आठ-दहा स्वर तिला वाटलं, ही कोण आहे? बरी वाजवते की. वरच्या पट्टीत जाते आणि ओरडत नाही. जागा मोठी आहे म्हणून पसरत नाही. हिच्याशी एकदा बोलायला हवं. मग खालच्या तारेवर एक स्वर आला, किंचित घोगरा, सर्दी होऊन गेल्यावर राहतो तसा. तो स्वर तिच्या स्वतःच्या व्हायोलिनचा होता. रोज सकाळी ती त्याच्याशी भांडत असे.

सात मिनिटं कुणी हललं नाही. ध्वनिमुद्रणात शेवटचा स्वर विरला, थोडी शांतता गेली, आणि त्या शांततेतून दादांचा आवाज खोलीत आला, खुर्ची सरकवल्याच्या आवाजासकट: “वा गं, धाकटे! बरं, चहा कोण करतंय?”

जावयांनी यंत्र बंद केलं.

प्रत्यक्ष खोलीतल्या दादांनी दोन्ही डोळे उघडले. पत्र त्यांच्या हातात होतं.

“अहो,” वहिनी म्हणाल्या, “हे तुम्ही नाही.”

“मला ऐकू येतं.”

“मग बोला काहीतरी.”

“संयम पाळतोय,” दादा म्हणाले.

मग जावयांनी सांगितलं, वायर गुंडाळत गुंडाळत. घरातली खुर्चीबदलाची पद्धत त्यांनाही माहीत होती. महत्त्वाच्या कार्यक्रमाआधीच्या शेवटच्या तालमीत दोन्ही व्हायोलिनवाले एकमेकांच्या खुर्चीत बसून एकदा वाजवतात. हेही आईचंच. शेजारच्याला काय सोसावं लागतं ते कळावं म्हणून. पण ध्वनिमुद्रणाच्या दिवशी तसं काही ठरलेलं नव्हतं. संथ भाग पाच वेळा वाजवून झाला होता, दादा पाचव्यावर खूश होते, आणि भाऊ म्हणाले होते, चला, जाता जाता एकदा खुर्च्या बदलून, आपल्यासाठी.

“मी यंत्र घेऊन कपडे टांगायच्या खोलीत होतो. कोटांच्या मधे. तिथून काही दिसत नाही. आणि यंत्राचं झाकण लावेपर्यंत मी ते बंद करत नाही, ती सवयच आहे. सहावं आलं. मला वाटलं, तुम्ही आणखी एकदा करताय. माझ्या कागदावर खुर्च्यांना नंबर होते. एक नंबर दादा, दोन नंबर ही. नावं मी खुर्च्यांना दिली. स्वर विरला की पुढचं मी न ऐकताच कापतो; ते बोलणं गुरुवारी मूळ उघडलं तेव्हा ऐकलं.”

“आणि निवडलंस सहावं,” भाऊ म्हणाले.

“क्रम उलटसुलट करून, डोळे मिटून ऐकतो मी. हे लागलं आणि… बरोबर वाटलं.”

“चोवीस वर्षं रोज सकाळी तुमच्या शेजारच्या खोलीत मी तेच व्हायोलिन वाजवते,” धाकटी म्हणाली. “ओळखलं नाहीत?”

जावयांनी वायर खाली ठेवली. “ओळखीचं नाही वाटलं. घरी आल्यासारखं वाटलं,” ते म्हणाले. “ते वेगळं असतं.”

आईने चष्मा काढून पुसला. तिचा चष्मा स्वच्छ होता.

“ठीक आहे,” भाऊ उभे राहिले. भाऊंनी विमा विकला नसला तरी विकता आला असता. “शांतपणे विचार करू. पुरस्कार कुणाला आहे? चौकडीला. चौकडीत कोण आहे? आपण चौघं. वाजवलं कुणी? आपण चौघांनी. आत कोण कुठे बसलं होतं, हा घरचा प्रश्न आहे. जेवताना कोण कुठे बसतं ते आपण समितीला कळवतो का?”

“नियम नऊ,” वहिनी म्हणाल्या. त्यांनी फॉर्म हातात घेतला होता. “‘दिलेल्या माहितीत चूक आढळल्यास निवड रद्द होऊ शकते.’”

“‘होऊ शकते’. आणि ‘आढळल्यास’. आढळवणार कोण?”

“अरे, पण सही करायची आहे. ‘वरील माहिती खरी आहे.’ खाली चार रेघा.”

“वहिनी, पन्नासहून जास्त वर्षं झाली या चौकडीला, बाबांपासून. आजवर एक बक्षीस नाही. एक फुलदाणी नाही. आणि आता मिळालंय ते तू परत पाठवायला निघालीस? आणि नावांचंच म्हणशील तर त्या पत्रात व्हिओलाचं नाव तरी आहे का कुठे? मी तक्रार केली?”

“भाऊ बरोबर बोलतोय,” धाकटी म्हणाली.

वहिनींनी मान वर केली. त्यांची समजूत होती की इथे धाकटीच्या बाजूने उभं राहायचं आहे, आणि धाकटी पलीकडे जाऊन उभी राहिली होती. अशा वेळी बाजू घेणाऱ्याची फार पंचाईत होते.

“राहू दे ना, दादा,” धाकटी म्हणाली. “तुला कळलं, मला कळलं, यांना कळलं. पुरे झालं. खरंच. मला काही नकोय.”

आणि तिला खरंच तसं वाटत होतं. सव्वीस वर्षं दुसऱ्या खुर्चीत बसलं की काही नको असण्याची कला येते. फक्त तिचा उजवा हात मांडीवर बारीकसा हलत होता, गज फिरवल्यासारखा, वरून खाली चार स्वर. तो तिने डाव्या हाताखाली दाबून ठेवला.

“तुम्हाला काय वाटतं?” वहिनींनी नवऱ्याला विचारलं.

दादा पत्राकडे पाहत होते. त्यांना काय वाटत होतं ते सांगायचं तर आधी काय वाटत नव्हतं ते सांगावं लागेल. राग येत नव्हता, याचंच त्यांना आश्चर्य वाटत होतं. तिसऱ्या स्वराला छातीत काहीतरी खचकन बसलं होतं, ते खरं. पण पुढे, दुसऱ्या मिनिटाच्या आसपास, ते विसरले की आपल्याला वाईट वाटायचं आहे. ती वर चढत होती आणि ते ऐकत होते. सव्वीस वर्षं ती शेजारी बसली होती, आणि शेजारच्याचं तोंड कधी समोरून दिसत नाही.

“त्या पत्राचा दुसरा परिच्छेद आहे,” वहिनी म्हणाल्या. “तो कुणी ऐकलाय?”

कुणीच ऐकला नव्हता. बारा वाचनांत दादा तिथे पोचले नव्हते.

“तो इतरांबद्दल आहे,” दादा म्हणाले.

वहिनींनी पत्र ओढून घेतलं. “‘दुसऱ्या व्हायोलिनबद्दल वेगळं लिहायला हवं. पायाखालच्या जमिनीकडे कुणी पाहत नाही. ती हलली की मगच कळतं. इथे ती सात मिनिटं हलत नाही. या वादकाला इतरांचं ऐकू येतं, आणि आपल्याला तसं ऐकू येतं हे त्याला दाखवायचं नाही. अशी साथ आम्ही बऱ्याच वर्षांत ऐकलेली नाही.’”

खोलीत कुणीतरी हसलं. ती धाकटी होती. पदर नव्हता म्हणून तिने बाही तोंडावर धरली.

“दादा, चार दिवस तू गावभर माझं कौतुक वाचत फिरलास! आणि स्वतःचं लपवून ठेवलंस!”

“दोन्ही पोस्टमनना,” भाऊ म्हणाले.

“पुन्हा वाच जरा,” दादा वहिनींना म्हणाले. “‘जमीन’पासून.”

वहिनींनी पुन्हा वाचलं. दादांच्या चेहऱ्यावर जे आलं ते त्यांच्या चेहऱ्याला नवीन होतं. कुठे ठेवावं ते त्यांना कळेना. त्यांनी ते खिडकीकडे नेलं.

“बघ,” भाऊ हळूच म्हणाले, “म्हणजे दोघांचंही कौतुक झालं. हिशोब जुळला. नावं तशीच राहू देत.”

“हो,” धाकटी म्हणाली. “राहू दे.”

“‘राहू दे’ म्हणायला काही लागत नाही,” आई म्हणाली.

ती इतका वेळ बोलली नव्हती, म्हणून सगळ्यांनी माना वळवल्या.

“तुमचे बाबा एकदा तापाने फणफणले होते. रेडिओवर कार्यक्रम होता. मी पहिलं वाजवलं, आणि माझ्या जागी त्यांचा एक विद्यार्थी बसला. निवेदकाकडे कागद जुना होता. त्याने नाव बाबांचं घेतलं. दुसऱ्या दिवशी घरी माणसं आली, बाबांना म्हणाली, काल काय वाजवलंत हो! बाबा अंथरुणात. माझ्याकडे पाहिलं त्यांनी. मी खुणेनेच सांगितलं, राहू दे.”

“मग?” धाकटीने विचारलं.

“मग काय. राहिलं.” आईने कानातलं एक यंत्र काढून तळहातावर ठेवलं. “पन्नास वर्षं झाली. तुमचे बाबा चांगले होते, त्यांना कधी दोष दिला नाही. पण ते अजून तिथेच आहे. मी उठते तेव्हा असतं. मला वाटलं होतं, म्हातारपणी जाईल. आता म्हातारपणही संपत आलं.”

भाऊ बसले. ते व्हिओलाच्या पेटीच्या कडीशी खेळू लागले, आणि थोड्या वेळाने, कडीलाच सांगितल्यासारखं, म्हणाले, “फोन नंबर फॉर्मच्या मागे आहे.”

दादांनी फोन लावला तेव्हा पावणेपाच झाले होते. कार्यालय शनिवारी पाचपर्यंत. आवाज सगळ्यांना ऐकू यावा म्हणून फोन टेबलावर ठेवला. पलीकडे समितीच्या चिटणीस बाई होत्या. चाळीस वर्षं वादकांशी बोलल्यावर येतो तसा त्यांचा आवाज होता, कसलंच आश्चर्य शिल्लक नसलेला.

“माहितीत चूक आहे? कुणाची?”

“आमचीच. घरची.”

“स्वरूप सांगा.”

“संथ भागात पहिलं व्हायोलिन मी वाजवलेलं नाही. माझ्या बहिणीने वाजवलंय.”

कागदाचा आवाज आला. “मग तुम्ही कोण?”

“दुसरं.”

पलीकडे आणखी एक कागद उलटला गेला. मग चिटणीस बाई म्हणाल्या, “पायाखालची जमीन?”

“हो,” दादा म्हणाले. “ती मी.” आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज स्वतःबद्दल बोलताना खाली गेला.

“लेखी द्या. चौघांच्या सह्या. समिती बुधवारी बसेल. नियम नऊ वाचलाय?”

“वाचलाय. ‘होऊ शकते’ असं आहे.”

“तो मीच लिहिलाय. मी ‘होऊ शकते’ लिहिते तेव्हा होतं. आजवर दोनदा झालंय.” त्या थांबल्या. “बुधवारपर्यंत पुरस्कार दिलाही नाही आणि घेतलाही नाही, असं समजा.”

“आमच्या घरात पुष्कळ गोष्टी त्याच अवस्थेत आहेत,” दादा म्हणाले.

“एक सांगते, हे समितीचं मत नाही. नावं दुरुस्त करायला इथे वर्षाला दहा-बारा फोन येतात. सगळ्यांना वरच्या ओळीत यायचं असतं. खाली उतरायला म्हणून फोन आलेला मला आठवत नाही. पाच वाजले. ठेवते.”

पत्र दादांनी स्वतःच्या हाताने लिहिलं. आधी दीड पान झालं. वहिनींनी त्यातला ‘संगीताच्या इतिहासात’पासून ‘तरीही मी’पर्यंतचा भाग खोडला, तेव्हा चार ओळी उरल्या, आणि त्या चांगल्या होत्या. खाली पहिलं व्हायोलिन म्हणून धाकटीचं नाव लिहून त्यांनी कागद तिच्यापुढे सरकवला.

धाकटीने पेन घेतलं नाही. “गेलं तर?”

“गेलं तर गेलं.”

“दादा, तू एकसष्टचा आहेस. पुन्हा मिळायचं नाही.”

“मिळालंय की. पाच माणसांनी बंद खोलीत तीन-तीनदा ऐकलं आणि लिहून पाठवलं. ते आता परत कसं घेणार? घेतीलच तर कागद घेतील.” मग जरा विचार करून, “आणि समारंभ. भाषण करता आलं असतं, तेवढंच.”

“तेवढं वाचलं,” भाऊ म्हणाले.

धाकटीने सही केली. दादांनी तिच्या खाली केली. त्यांची सही मोठी असल्यामुळे भाऊंना जागा उरली नाही आणि त्यांना समासात करावी लागली. सहीपुढे त्यांनी कंसात ‘व्हिओला, नक्की’ असं लिहिलं. वहिनींनी सही करून पाकीट चिकटवलं आणि ते नवऱ्याच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी ठेवलं. त्याला मागाहून दोन शब्द वाढवायची सवय होती.

शनिवारची तालीम व्हायची होती. भाऊंनी खुर्च्या ओढायला सुरुवात केली. तेवढ्यात धाकटी नवऱ्याला म्हणाली, “ते पुन्हा लावता येईल?”

“कितीदाही.”

“मी ऐकू का?” हे तिने आईला विचारलं. एक्कावन्न वर्षांची बाई, परवानगी मागत होती.

“आज नियम सुट्टीवर आहे,” आई म्हणाली.

“एकटीच ऐकते. चालेल?”

सगळ्यांना एकदम कामं आठवली. वहिनींना चहा आठवला. आईला आतल्या खोलीत पडायचं आठवलं. जावयांनी बटण कुठलं ते बायकोला दाखवलं; ते तिला ठाऊक होतं, तरी तिने दाखवू दिलं. मग ते, भाऊ आणि दादा बाहेर जिन्यावर आले आणि दादांनी मागे दार ओढून घेतलं.

“माझा चष्मा आत राहिला,” भाऊ म्हणाले.

“राहू दे.”

“अरे, मला दिसत नाही.”

“सात मिनिटं कुणी आत जाणार नाही,” दादा म्हणाले, आणि दाराला पाठ लावून उभे राहिले.

आतून वरून खाली चार स्वर आले. दाराच्या लाकडातून ते लांबचे वाटत होते. जावई पायरीवर बसले, गुडघ्यांवर कोपरं ठेवून. खालच्या दुकानात कुणीतरी काहीतरी घासत होतं, ते थांबलं.

“इथे मी जरा पुढे आलोय,” थोड्या वेळाने दादा हळूच म्हणाले.

“नाही आलास,” भाऊ म्हणाले.

“आलोय. ऐक.”

“दादा, तू कुठेही पुढे आलेला नाहीस. तेच तर त्यांनी लिहिलंय. गप्प राहा.”

दादा गप्प राहिले. आत व्हायोलिन वर गेलं, तिथे थोडा वेळ राहिलं, आणि घाई न करता खाली आलं. शेवटचा स्वर संपला. मग खुर्ची सरकली, आणि दादांचाच आवाज चहाबद्दल विचारता झाला. तिघेही दार उघडायची वाट पाहू लागले. भाऊंनी हातही पुढे केला.

दार उघडलं नाही. आतून पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

भाऊंनी हात मागे घेतला. दादा दाराशीच खाली बसले, पाय पसरून, पायरीवर जावयांच्या शेजारी भाऊंसाठी जागा ठेवून.